मकरानवाडीचं पाणी

चैत्रातली दुपार. सगळं कातळबंदर जेवून आडवं झालेलं, आणि जेटीवरचा नवा भोंगा पहिल्यांदाच बोलला. आवाज बाईचा होता, पण कुठल्या खऱ्या बाईचा नव्हे. मशीननं बनवलेला, साखरेच्या पाकातून काढल्यासारखा. "सूचना, स्तर तीन. मकरान येथे पाणी सुटले आहे. नागरिकांनी सज्ज राहावे."

गाव सज्ज झालं. बघता बघता नळकोंडाळ्यावर हंडे आले, कळश्या आल्या, तेलाचे डबे आले, एक बाळंतीण सोडली तर वाडीतली प्रत्येक बाई आली. नळकोंडाळं म्हणजे गावाचे चार नळ. ते अगदी खाली, भरतीच्या रेघेला लागून. गावाला पाणी तीन दिवसांनी एकदा, तेही तासभर. त्यामुळे 'पाणी सुटलं' हे दोन शब्द कानावर पडले की कातळबंदरातली बाई पुढचं काही ऐकत नाही. तव्यावरची भाकरी तव्यावर ठेवून पळते.

नळ कोरडे होते. मग सगळ्या जणी दुर्वाला शोधायला निघाल्या.

दुर्वा डोर्लेकर, वय एकोणीस, ग्रामपंचायतीची पाणीवाली. विहिरीवरचा पंप चालू करायचा, सड्यावरची, म्हणजे गावामागच्या कातळपठारावरची, टाकी भरायची, तिसऱ्या दिवशी टाकीचा वॉल खोलून खाली पाणी सोडायचं, हे तिचं काम. शाळा तिनं दहावीत सोडली होती. गणिताच्या सरांनी फेकून मारलेला डस्टर तिनं परत फेकला, आणि तिचा नेम चांगला होता. त्यानंतर शाळेनंही तिला फारसं थांबवलं नाही.

ती पंपाचं झाकण उघडून बसली होती. मान वर केली तर समोर तीस-चाळीस हंडे. सगळ्यांच्या पुढे यमूकाकी, कंबरेवर कळशी, डोक्यावर पदर, आणि तोंडात तयार असलेलं भांडण.

"मकरान कुठली वाडी गो?" यमूकाकीनं विचारलं. "आमचा वार उद्याचा, आणि त्यांना आज पाणी? त्यांनी काय तुला सोनं दिलं?"

दुर्वानं सांगून बघितलं की मकरान नावाची वाडी नाही, आज कुणालाच पाणी नाही, टाकी अजून अर्धी आहे. कुणाला पटलं नाही. भोंग्यावर सांगितलेलं सगळ्यांनी कानांनी ऐकलं होतं. दोघी-तिघी तर मकरानवाडी गुहागरच्या अलीकडे की पलीकडे यावरच वाद घालत परत गेल्या. संध्याकाळपर्यंत दुर्वा पक्षपाती ठरली होती.

तिला राग आला तो गावाचा नाही. तो मजकूर कोणी लिहिला होता, हे तिला माहीत होतं.

*

केतकी तिची मोठी बहीण. शाळेत पहिली, कॉलेजात पहिली, आणि आता सागरतळ केंद्रात नोकरीला. केंद्राचं काम समुद्राच्या बुडाखालचं पाणी मोजण्याचं. किनाऱ्यावरच्या गावांसाठी मराठी मजकूर लिहायचं कामही तिच्याकडेच आलं, कारण त्या सगळ्या थंडगार खोलीत किनाऱ्यावर वाढलेली ती एकटीच होती.

रविवारी ती एसटीनं घरी आली. दुर्वानं तिला पाणीही विचारलं नाही. केतकी आपणच चुलीपाशी गेली, फळीवरची एक कैरी घेतली, फोडी केल्या, मीठ लावलं आणि ताटली दोघींच्या मधे ठेवली. आबा, दोघींचा बाप, उंबऱ्याशी बसून बघत होता. त्याच्या गळ्याला रुमाल बांधलेला असायचा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याचा गळा वाचवला, आवाज मात्र काढून घेतला.

"बघत राहा," केतकी दुर्वाला म्हणाली.

थोड्या वेळानं फोडींच्या कडेला पाणी जमलं. आई होती तेव्हा खारातल्या कैऱ्या घालताना हेच म्हणायची. मीठ लावलं की पाणी सुटतं.

मग केतकीनं सांगितलं ते असं. अरबी समुद्राच्या पार वरच्या टोकाला, इराण आणि पाकिस्तानचा जो किनारा आहे, तो मकरान. तिथे समुद्राचं बूड जमिनीखाली घुसतं. सावकाश, वर्षाला बोट-दीड बोट. आणि ते नुसता दगड घेऊन जात नाही. नद्यांनी लाखो वर्षं आणून टाकलेला गाळ त्याच्या पाठीवर असतो, तिथे तर कैक किलोमीटर जाड. हा गाळ म्हणजे भिजलेलं पोतं. वरवरचं पाणी दाबानं लवकर पिळून निघतं. पण चिकणमातीचा स्वभाव वेगळा. तिचे थर एकावर एक रचलेल्या पापडांसारखे असतात, आणि दोन पापडांच्या मधे पाणी चिकटून बसलेलं असतं. ते पिळून निघत नाही. ते माती बरोबर घेऊन खाली जाते.

खाली ऊब वाढत जाते. चहाला उकळी येते तितकी झाली, की मातीचा पोत बदलतो आणि ती धरून ठेवलेलं पाणी सोडून देते. पण सोडलेलं पाणी जाणार कुठे? वर चिखलाचं झाकण. मग ते तिथेच अडकतं, दाब वाढतो, आणि एक दिवस असा येतो की वरच्या डोंगराएवढ्या दगडाचं ओझं दगडावर राहत नाही, पाण्यावर येतं. दोन दगड एकमेकांना घासून, धरून बसलेले असतात, त्यांची पकड सुटते. आणि मग सगळं सरकतं.

"ओल्या लादीवर कपाट ढकलल्यासारखं," दुर्वा म्हणाली. तिला राग असला तरी डोकं थांबत नव्हतं.

"तसंच. फक्त कपाट तीनशे किलोमीटर लांब. समुद्राचं बूड एका दणक्यात उचललं गेलं, की वरचं पाणी पण उचललं जातं. ते चार तासांत आपल्याकडे."

सात-आठ देशांनी मिळून मकरानच्या बुडात भोकं पाडली होती आणि त्यांत दाब मोजणारी यंत्रं सोडली होती. सगळे त्यांना 'कान' म्हणत. चिकणमातीनं पाणी सोडलं, की कानाला कळायचं. इतकी वर्षं भूकंप झाल्यावर कळायचा, आता आधी कळणार होतं. एकच अडचण होती. सुटलेलं पाणी कधी कधी एखादी फट शोधतं आणि मुकाट झिरपून जातं. मग बूड सरकतं, पण महिनाभर, गोगलगायीसारखं, आणि वर कुणाला पत्ताही लागत नाही. दणक्यानं सरकणार की गोगलगायीसारखं, ते कानाला सांगता येत नव्हतं. तीन वेळा पाणी सुटलं तर एकदा दणका, असा त्यांचा अंदाज. परवाच्या दुपारी ते असंच मुकाट झिरपून गेलं होतं.

"म्हणून तू लिहिलंस पाणी सुटलं," दुर्वा म्हणाली.

"त्या क्रियेला दुसरा शब्द नाही गं आपल्यात."

"हे गाव आहे की लोणचं?" दुर्वाचा आवाज चढला. "अठरा वर्षं या घरात राहिलीस. आबा दर तिसऱ्या दिवशी सड्यावरून काय ओरडायचा, ते विसरलीस? उद्या खरंच लाट आली तर अख्खं गाव हंडे घेऊन नळावर जाईल. आणि नळ कुठे आहेत? जिथे लाट पहिली येणार तिथे. इतकं शिकलीस, आणि बापाची हाक विसरलीस?"

केतकीनं आबाकडे बघितलं. काहीतरी बोलायला गेली, तर दुर्वानं 'पुरे' म्हणून हात उडवला. तिनं कैरीची ताटली उचलून फळीवर ठेवली आणि चारच्या एसटीनं परत गेली. दुर्वाला वाटलं आपण जिंकलो. रात्री ती कैरी तिनं खाल्ली नाही.

आबाची हाक म्हणजे काय, ते सांगायला हवं. दुर्वाच्या आधी आबा पाणीवाला होता. सड्यावर टाकीपाशी उभं राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून तो हाक द्यायचा. "पाणी सुटलंऽऽ, या गोऽऽ." ती समुद्रातल्या होडीवर ऐकू जायची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी केतकीनं ती हाक मोबाईलवर घेतली होती. आता दर तिसऱ्या दिवशी दुर्वा टाकीवरच्या छोट्या भोंग्यातून तीच लावायची. खाली उंबऱ्यात बसून आबा स्वतःची हाक ऐकायचा आणि बायका पळताना बघायचा. तीस वर्षांत ती हाक एकदाही खोटी गेली नव्हती. पाणी नसलं तर तो ओरडतच नसे.

*

केंद्रातल्या समितीनं शब्द बदलला. महिन्याभरानं भोंगा पुन्हा बोलला, तो असा. "सूचना, स्तर तीन. मकरान क्षेत्रात भूजल-विमोचन."

विमोचन म्हटल्यावर गावाला कॅलेंडर आठवलं. मागच्या दिवाळीत आमदारांनी समाजाच्या कॅलेंडरचं विमोचन केलं होतं आणि सगळ्यांना वडापाव मिळाला होता. यमूकाकीनं भोंग्याखाली उभं राहून विचारलं, की कार्यक्रम किती वाजता आहे. या वेळी मात्र तलाठी आणि दोन पोलीस जीप घेऊन आले होते. त्यांनी घराघरांतून लोक काढले आणि पाखाडी चढून वर सड्यावर नेऊन बसवले. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. म्हाताऱ्यांचे गुडघे त्या वाटेला शिव्या देतच वर जातात. अख्खं गाव रात्रभर कातळावर बसलं. समुद्र खाली गाढ झोपलेला.

सकाळी खाली आले तर वाळत घातलेला जवळा, मांदेली, सगळं कुत्र्या-कावळ्यांनी फस्त केलेलं. नथू तांडेलाच्या होडीवरचं जाळं कुणीतरी नेलेलं. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. नथूतात्या तर गावाचाच म्होरक्या होता, आणि आबाचा लहानपणापासूनचा सोबती. तो दुर्वाला एवढंच म्हणाला, की तुझ्या ताईला सांग, पुढच्या वेळी लाट तरी पाठव.

केतकीचा फोन आला. तिनं समजावलं, की ते खोटं नव्हतं. बूड सरकलं, पण हळू.

"कुत्र्यांनी पण हळूच खाल्लं," दुर्वा म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत.

आणखी पंधरा दिवसांनी पुन्हा विमोचन झालं. जीप आली, पण या वेळी दारं उघडली नाहीत. त्याही वेळी काही झालं नाही. मग पोरांनी मोबाईलवरच्या सूचना बंद केल्या, आणि कुणीतरी जेटीवरच्या भोंग्यात फाटक्या जाळ्याचा बोळा कोंबला. दुर्वाला तो दिसला. तिनं काढला नाही.

*

मे महिन्यातला शनिवार. उद्या पाण्याचा वार, म्हणून टाकी काठोकाठ भरलेली. विहीर मात्र तळाला गेली होती. आज काढलं तेवढंच, पुन्हा भरायला तिला चार-पाच दिवस लागणार. सकाळचे नऊ वाजत होते, दुर्वा नुकती चहा घेऊन बसली होती. केतकीचा फोन आला. दुर्वानं तो दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलला.

"दुरू, सरकलं." केतकीचा आवाज चिरका झाला होता. "कानांना रात्रीच कळलं होतं. आत्ता दणका बसला. गोगलगाय नाही. अर्धं मकरान एका झटक्यात. दुपारी एकच्या पुढे कधीही येईल, आणि तेव्हाच भरती आहे."

"तीनातला एक?"

"आता तीन नाही, एकच. आली आहे ती. वाटेत आहे."

दुर्वानं आधी आबाला सांगितलं. मग ती वाडीभर धावली. जेटीवरचा भोंगा बोळ्यातून घोगरा ओरडत होता, पोरं त्याची नक्कल करत होती. तिनं प्रत्येक दारात जाऊन सांगितलं. जीप येत होती, पण अजून घाटातच कुठेतरी होती, एकटी सगळ्या गावांना पुरी पडत नव्हती. बायका म्हणाल्या, मासळी कोण राखणार. पुरुष म्हणाले, पाकिस्तानात भूकंप झाला तर आपण कशाला पळायचं. एक जण म्हणाला, तुझ्या ताईचं पाणी सुटलं वाटतं परत. सगळे हसले.

नथूतात्या होडीच्या सावलीत नवं जाळं विणत बसला होता. ते जाळं त्यानं उधारीवर घेतलेल्या सुताचं केलं होतं, आणि ते सोडून तो कुठेही जाणार नव्हता. दुर्वानं हात जोडले, मग ती ओरडली, मग तिच्या तोंडून शिवी गेली.

नथूतात्यानं सुई थांबवली. "तीस वर्षं तुझ्या आबानं या गावाला पाणी पाजलं," तो शांतपणे म्हणाला. "पाणी कमी पडलं तरी कुणाला शिवी नाय दिली."

कानफटात बसली असती तरी इतकं लागलं नसतं. ती वळली. घराकडे चालताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याचा तिला आणखी राग येत होता. दहा वाजून गेले होते. नळकोंडाळ्यावर एक पोरगी उगाच तोटी फिरवून बघत होती. वार उद्याचा आहे हे तिला माहीत होतं. तरी बघत होती.

दुर्वा थांबली.

लाटेसाठी या गावातली एक बाई चुलीवरचं भांडं उतरवणार नाही. पण त्या पोरीच्या तोटीला आत्ता थेंबभर पाणी आलं असतं, तर?

ती घरात शिरली आणि भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं. वॉलची लांब दांड्याची चावी तिथे असायची. खिळा रिकामा होता. चावी आबाच्या हातात होती. तो उंबऱ्यातून उठून उभा राहिला होता, आणि ती छातीशी धरली होती.

त्याला कळलं होतं. तिला काय सुचलंय ते तिच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं मान हलवली. मग एक बोट वर केलं आणि पुढे सरकवलं. उद्या. पाण्याचा वार उद्या आहे. मग स्वतःच्या गळ्याला हात लावला.

"खोटी नाही लावणार तुझी हाक," दुर्वा म्हणाली. "पाणी देईन. खरंच देईन. पण वर, टाकीच्या बुडाशी. खाली नाही."

त्यानं पुन्हा ते बोट दाखवलं. उद्या.

"उद्या नळ असले, तर उद्याचं उद्या बघू आबा."

आबानं चावी तिच्या हातात दिली, चपला घातल्या, आणि एकटाच पाखाडी चढायला लागला.

*

"पाणी सुटलंऽऽ, या गोऽऽ."

हाक सड्यावरून खाली आली. मागोमाग दुर्वाचा आवाज, की खालचा पाइप फुटलाय, नळांना काही येणार नाही, आज टाकीवरच मिळेल, आजच्यापुरतं.

पाखाडीवर हंडे चमकायला लागले. मासळी राखायला पोरांना ठेवून बायका निघाल्या, मग हंडे उचलायला हात कमी पडतात म्हणून त्याच पोरांना हाका मारून वर बोलावलं. म्हातारी माणसंही आली. वरच्या वर अंघोळ उरकता येईल, असं कुणीतरी म्हणालं होतं. बाळंतिणीला तिच्या सासूनं पोरासकट आणलं, एक हंडा जास्त मिळतो म्हणून.

टाकी धुताना पाणी काढायला बुडाशी एक मोठी तोटी असते. दुर्वानं ती एवढीशीच उघडली, करंगळीएवढी धार. पूर्ण उघडली असती तर तासात सगळे हंडे भरून बायका खाली गेल्या असत्या. पाण्याच्या रांगेतली बाई नंबर सोडून कुठे जात नाही, हे दुर्वाला जन्मापासून माहीत होतं. धार जितकी बारीक, तितका गाव वर थांबणार होता. आबा तोटीपाशी दगडावर बसला आणि हंडे लावून द्यायला लागला, जुन्या सवयीनं, एकापाठोपाठ एक.

बारा वाजले. ऊन डोक्यावर. दुर्वानं माणसं मोजली नाहीत, पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली. रांगेत एकही बाप्या नव्हता. पाणी भरणं हे बायकांचं काम. पंचवीस-तीस पुरुष आणि नथूतात्या खाली होड्यांपाशीच होते.

त्यांना कशानं वर आणायचं? पाण्यानं येणार नाहीत, लाटेनं तर नाहीच. दुर्वानं रांगेकडे बघितलं. यमूकाकी सहाव्या नंबरावर होती, नथूतात्याची बायको लीलावहिनी दुसऱ्या. दोघींचं गेल्या शिमग्यापासून बोलणं नव्हतं.

"काकी, तू ये पुढे," दुर्वा मोठ्यानं म्हणाली. "तुझा पहिला नंबर."

लीलावहिनीनं वळून विचारलं, की का म्हणून. दुर्वा म्हणाली, माझी मर्जी. यमूकाकीला स्वतःलाही कळेना हा मान कशाचा, पण मिळालेला मान सोडणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं कळशी पुढे सरकवली, लीलावहिनीनं ती पायानं मागे सारली, आणि मग हंड्यावर हंडा आपटल्याचा जो आवाज झाला तो खाली जेटीपर्यंत गेला. शिमग्याचं निघालं, लग्नातल्या मानपानाचं निघालं, कुणाच्या तरी आजोबांनी चोरलेला नांगर निघाला. आबानं कपाळावर हात मारला. दुर्वा मधे पडली नाही, उलट दोन शब्द दोघींच्या बाजूनं टाकले.

आधी तमाशा बघायला तरणी पोरं आली. मग सोडवायला त्यांचे बाप आले. मग आपापल्या बायकोची बाजू घ्यायला बाकीचे. सगळ्यांत शेवटी नथूतात्या. लीलाचा लग्नातला तांब्याचा हंडा चेपला, असं एका पोरानं त्याला खाली जाऊन सांगितलं होतं. जाळं खांद्यावर टाकूनच तो धापा टाकत वर आला, आणि दुर्वाच्या समोर उभा राहिला.

तो बोलत होता. भांडणं लावतेस, पाइप फुटला म्हणतेस, कुठे फुटलाय तो मी येताना बघितला नाय, तुझ्या बापाच्या हाकेचा असा उपयोग करतेस, लाज वाटायला हवी होती. दुर्वा खाली मान घालून ऐकत होती. प्रत्येक शब्द तिला हवा होता, तो जितका वेळ बोलेल तितका वेळ.

मग तिच्या लक्षात आलं, की आबानं हंडा लावायचा थांबवलाय. धार दगडावर पडत होती. आबा दोघांच्या मधून पलीकडे बघत होता.

नथूतात्याही वळला. एकेक करून सगळी रांग वळली. भांडण विझलं.

खाली समुद्र नव्हता. जेटीच्या पुढे जिथे आठ वाव खोल पाणी असायचं तिथे काळा चिखल चकाकत होता, आणि होड्या त्यात कुशीवर पडल्या होत्या. कुणी न पाहिलेला दगड, कुणी न पाहिलेली घळ. कुत्री भुंकत पाखाडी चढत होती.

मग ते परत आलं. चित्रातल्यासारखी उंच भिंत नव्हती. नुसतं पाणी होतं, भरतीसारखं, पण ही भरती थांबायला तयार नव्हती. ती नळकोंडाळ्यावरून गेली. जेटीवरचा भोंगा एकदा घोगरला आणि गप्प झाला. होड्या घरांच्या अंगणात आल्या आणि मग घरांसकट पुढे गेल्या. पुढची सगळी रांग, यमूकाकीचं घर, डोर्लेकरांचं घर, विहिरीवरचा पंप, सगळं तपकिरी पाण्याखाली. पाखाडीच्या अर्ध्यापर्यंत पाणी चढलं, तिथे थोडं थांबलं, आणि ओढत ओढत परत गेलं. तीनदा असं झालं. वर बाळंतिणीचं पोर रडत होतं आणि टाकीची धार वाजत होती.

केतकीचा फोन कितीतरी वेळ वाजत असावा.

"वर किती आहेत?" तिनं विचारलं.

"सगळे."

मग केतकीनं विचारलं, की कसे काय आले.

"पाणी सुटलं म्हटलं."

केतकी रडत होती, ते आता ऐकू आलं. "मी विसरले नव्हते गं," ती म्हणाली. "आबा हाक द्यायचे आणि सगळं गाव धावायचं. दुसऱ्या कशासाठी गाव तसं धावलेलं मी बघितलंच नाही कधी. म्हणून तो शब्द घेतला. धावतील, एवढंच डोक्यात होतं. कुठे धावतील, ते नाही."

"सांगायचं होतंस ना त्या दिवशी."

"तू बोलू दिलंस?"

दुर्वाला हसू आलं. तिनं फोन आबाच्या कानाला लावला. आबानं तो दोन्ही हातांनी धरला. त्याला बोलता येत नव्हतं, पण श्वास ऐकू जात होता, आणि केतकी तो ऐकत राहिली.

नथूतात्या कातळाच्या कडेला उभा होता. खांद्यावरचं जाळं त्यानं कधी खाली ठेवलं ते त्यालाही कळलं नसावं. तो परत आला, चेपलेला हंडा उचलला, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा. विहिरीत आता खारं पाणी असणार होतं, किती दिवस कुणास ठाऊक. गोडं पाणी होतं ते या टाकीत आणि या हंड्यांत, तेवढंच. दुर्वानं तोटी आणखी थोडी आवळली.

यमूकाकी मात्र हलली नव्हती. जिथे तिचं घर होतं तिथे ती बघत होती. दुर्वा तिच्या शेजारी जाऊन बसली.

"काय गो," यमूकाकी म्हणाली, "त्या मकरानला सुटलेलं म्हणतात, ते हेच का पाणी?"

"हेच, काकी."

यमूकाकीनं मान डोलावली. "मग त्यांची पण काय दशा झाली असेल, बिचाऱ्यांची," ती म्हणाली, आणि आपली कळशी उचलून लीलावहिनीच्या मागे जाऊन उभी राहिली. "माझ्या आधी नंबर तुझा होता, बाय. भर तू."